‘कशीतरीच दिसते’ आणि ‘चुकीची घडली आहे’: नव्या इलेक्ट्रिक गाडीवरचे दोन वेगळे आक्षेप

नवी इलेक्ट्रिक गाडी लोकांसमोर आली की पहिल्या आठवड्यात एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं: “हे काय बनवलंय!” हे वाक्य म्हणणारी माणसं मात्र दोन प्रकारची असतात. एकाच्या डोळ्यांना ती गाडी अनोळखी वाटलेली असते. दुसऱ्याला तिच्या घडणीतच काहीतरी खटकलेलं असतं. सूर सारखाच असल्यामुळे आपण दोघांना एकाच रांगेत उभं करतो, आणि तिथेच घोळ होतो. पहिल्याचं ऐकून घरच्यांना हवी असलेली चांगली गाडी रद्द होते. दुसऱ्याला “होईल सवय” म्हणून गप्प बसवलं जातं, आणि मग हप्ते फिटेपर्यंत ती गैरसोय सगळ्या घराने सोसायची. वीस-पंचवीस लाखांच्या वस्तूबद्दल हा फरक कळायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडचं अलीकडचं ठळक उदाहरण म्हणजे महिंद्राची बीई ६. २६ नोव्हेंबर २०२४ ला चेन्नईत ती एक्सईव्ही ९ई या गाडीबरोबर सादर झाली. दोन्ही एकाच ‘इंग्लो’ प्लॅटफॉर्मवरच्या, म्हणजे खालचा मूळ सांगाडा एकच, दोन्ही चाकणला तयार होणाऱ्या, दोन्हींचं छप्पर मागे उतरतं, त्यामुळे सुरुवातीला अनेकांनी त्या एकमेकींच्या जागी धरल्या. लांबी पाहिली की गोंधळ राहत नाही: बीई ६ साधारण ४.३७ मीटर, एक्सईव्ही ९ई जवळपास ४.७९ मीटर. चेहऱ्यांतही फरक आहे. ९ई चा चेहरा महिंद्राच्या आधीच्या गाड्या पाहिलेल्यांना फार परका वाटत नाही. बीई ६ मात्र पुढून पाहिली की इंग्रजी ‘सी’ सारखे वळलेले दिवे, बॉनेटवर हवा जायला ठेवलेली फट, दारांवरून तिरक्या गेलेल्या धारदार रेघा, सगळं एकदम अंगावर येतं. आत चालकाभोवती लढाऊ विमानाच्या कॉकपिटसारखी चौकट. महिंद्राच्या स्कॉर्पिओ आणि बोलेरो पाहत मोठा झालेला माणूस तिच्यासमोर थबकला, यात नवल नाही. कुणी तिला अवकाशयान म्हणालं, कुणी खेळण्यातली गाडी. काहींना ती पहिल्याच नजरेत आवडून गेली.

या गाडीची पहिली भेट चेन्नईत झाली नव्हती, ही गोष्ट या चर्चेत बहुतेक वेळा सुटते. १५ ऑगस्ट २०२२ ला इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये महिंद्राने पाच इलेक्ट्रिक संकल्पना-गाड्या दाखवल्या होत्या. त्यातली बीई.०५ हीच पुढे बीई ६ झाली. कंपनीच्या डिझाइनचे प्रमुख प्रताप बोस. आधी टाटांकडे असताना नेक्सॉन आणि हॅरियर त्यांच्या हाताखालून गेलेल्या. संकल्पना-गाडी दाखवायची आणि प्रत्यक्षात येईपर्यंत तिचे सगळे कंगोरे घासून टाकायचे, अशी या धंद्यातली जुनी रीत. इथे कंगोरे बऱ्याच अंशी टिकले. म्हणजे ज्यांनी २०२२ पासून फोटो पाहिले होते, त्यांना सव्वादोन वर्षांचा सराव झाला होता. ज्यांनी पहिल्यांदा नोव्हेंबर २०२४ मध्येच पाहिली, त्यांचा सराव शून्य. एकाच गाडीवरच्या टोकाच्या मतांमागे हेही एक साधं कारण होतं.

हा सराव म्हणजे नुसती समजूत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं की एखादी वस्तू केवळ पुन्हा पुन्हा नजरेसमोर आली तरी ती जास्त आवडू लागते. त्यासाठी तिच्याबद्दल काही पटवून द्यावं लागत नाही. पुढे २००५ मध्ये कार्बोन आणि लेडर या दोन संशोधकांनी थेट गाड्यांच्या अंतर्भागाच्या डिझाइनवर प्रयोग केले. नावीन्य जास्त असलेली डिझाइनं लोकांना सुरुवातीला कमी आवडली. तीच डिझाइनं वेगवेगळ्या अंगांनी तपासायला लावल्यावर लोकांनी त्यांना जास्त गुण दिले. म्हणून शोरूमच्या दारात पाच मिनिटांत दिलेलं मत नव्या ढंगाच्या गाडीवर जरा अन्यायच करतं.

पण या संशोधनाची दुसरी बाजू कंपन्यांचे लोक सांगत नाहीत. जी वस्तू सुरुवातीलाच ठामपणे नकोशी झालेली असते, ती वारंवार दाखवून आवडती होईलच असं नाही. काही प्रयोगांत नावड उलट वाढलेली दिसली. सराव अनोळखीपणा घालवतो, घडणीतली चूक तो दुरुस्त करत नाही.

आता मुळात इलेक्ट्रिक गाड्या अशा वेगळ्या का दिसतात, ते पाहू, कारण अनोळखीपणाचा बराचसा भाग तिथून येतो. इंजिन गेलं, मोठा रेडिएटर गेला, त्यामुळे पुढच्या जाळीला तेवढं काम उरलं नाही. आपण मात्र गाडीकडे चेहरा म्हणून पाहतो: दिवे म्हणजे डोळे, जाळी म्हणजे तोंड. तोंडच मिटलं की चेहरा वाचता येत नाही, आणि पाहणारा अस्वस्थ होतो. बॅटरी जमिनीच्या पातळीवर आडवी पसरलेली असते, त्यामुळे तळ उचलला जातो आणि गाडीची कूस जाड दिसते. ती बारीक दिसावी म्हणून डिझाइनर खाली काळं प्लास्टिक लावतो आणि १९-२० इंची चाकं बसवतो. छप्पर मागे उतरवण्यामागे हवेचा हिशेब आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो, आणि महामार्गावर बॅटरीतली बरीच वीज त्यातच खर्च होते. म्हणजे यातल्या बऱ्याच विचित्र वाटणाऱ्या गोष्टींना कारण आहे. ते कळलं की निम्मी चीड तिथेच ओसरते.

कारण आहे म्हणून आक्षेप खोटा ठरत नाही, हे मर्सिडीजच्या ईक्यूएसने दाखवलं. २०२१ मध्ये ही गाडी जगासमोर आली, आणि २०२२ पासून तिची जोडणी चाकणलाही होऊ लागली. भारतातली सुरुवातीची किंमत १ कोटी ५५ लाख. हवेचा अडथळा मोजणारा तिचा गुणांक अवघा ०.२०, विक्रीला असलेल्या गाड्यांत अतिशय कमी. तो साधायला बॉनेटपासून डिकीपर्यंत एकच कमान काढली. लोकांनी लगेच तिला साबणाची वडी ठरवली. हा नुसता अनोळखीपणा असता तर दोन-तीन वर्षांत विरला असता. तो विरला नाही, कारण त्यात खरा मुद्दा होता. एवढ्या किमतीची मर्सिडीज घेणारा बहुतेकदा मागे बसतो. त्याला लांब बॉनेट, ताठ उभा पुढचा भाग आणि डोक्यावर ऐसपैस जागा हवी असते. तळात बॅटरी आणि वरून उतरतं छप्पर, या दोन्हींच्या मध्ये तोच अडकला. २०२४ मध्ये कंपनीने गाडी सुधारताना पुढे पारंपरिक धाटणीची जाळी दिली आणि बॉनेटवर उभा तारा परत आणला. कंपनीने एवढं केलं ते आक्षेपात दम होता म्हणूनच, असं मला वाटतं.

बीई ६ चं तसं झालं नाही. १४ फेब्रुवारी २०२५ ला बुकिंग उघडलं, पहिल्या दिवशी दोन्ही गाड्या मिळून ३०,१७९ नोंदण्या झाल्या. त्यात ५६ टक्के एक्सईव्ही ९ई च्या, ४४ टक्के बीई ६ च्या. सौम्य चेहऱ्याची, आणि सुरुवातीच्या किमतीत तीन लाखांनी महाग असलेली गाडी पुढे राहिली, यावरून काही जण “बघा, लोकांना विचित्र रूप नकोच होतं” असं म्हणतात. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. ९ई मोठी आहे, तिच्या डिकीत ६६३ लिटर सामान मावतं, बीई ६ च्या डिकीत ४५५. चार माणसांचं कुटुंब दिवाळीला गावी निघतं तेव्हा हा फरक रूपापेक्षा जास्त बोलतो. आणि इतका आगळा चेहरा असूनही बीई ६ ला ४४ टक्के मिळाले. तिच्या रूपावरचा गोंगाट बराचसा पहिल्या प्रकारचा होता, असं मी म्हणेन. तिच्यावर दुसऱ्या प्रकारचे आक्षेपही आहेत, पण ते तेवढ्या मोठ्याने बोलले गेले नाहीत: मागची अरुंद काच, मागच्या प्रवाशाला बाहेरचं कमी दिसणं. गोंगाट दिव्यांवर झाला, प्रश्न काचेचा होता.

उलट्या बाजूचं उदाहरण टाटा सिएराचं. १९९१ ची मूळ सिएरा पुण्याची. तिच्या मागच्या, छपरापर्यंत वळलेल्या काचेवर लोक आजही जीव टाकतात. २०२५ च्या नव्या सिएरात ती खूण जपलेली पाहून कितीतरी जण हळवे झाले. पण मूळ गाडीच्या मागच्या बाजूंच्या काचा उघडत नव्हत्या आणि मागे दारंही नव्हती. पुढची सीट वाकवून आत शिरायचं आणि मे महिन्यात त्या काचेआड बसायचं. म्हणजे ज्या गोष्टीवर आज प्रेम आहे, तीच बसणाऱ्याच्या दृष्टीने तेव्हाची अडचण होती. ओळखीची गाडी आवडली म्हणजे ती नीट घडली आहे, असंही धरून चालत नाही.

मग आपला आक्षेप कुठल्या प्रकारचा, हे ओळखायचं कसं? एका शोरूममध्ये पाहिलेला प्रसंग मला यात सगळ्यात जास्त शिकवून गेला. साठीचे एक गृहस्थ मुलीबरोबर आले होते. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, “ही काय गाडी झाली? तोंडच नाही हिला.” मुलगी वाद घालत बसली नाही. “बाबा, दिसायचं राहू दे. तुम्ही मागेच बसणार ना? मग आधी मागे बसून बघा.” ते बसले. आत जाताना डोकं वाकवावं लागलं, बसल्यावर गुडघे वर आले आणि मांडीखाली सीट पोचेना. खिडकीची खालची कड त्यांच्या खांद्याला लागत होती. बाहेर आले तेव्हा सूर बदलला होता. “तोंडाचं काही नाही गं, बघून बघून होईल सवय. पण लोणावळ्यापर्यंत सुद्धा मी असा बसू शकणार नाही.” विक्रेता मात्र अजून त्यांना पुढच्या दिव्यांचं डिझाइन समजावून सांगत होता.

त्या दोन वाक्यांत सगळा फरक आहे. पहिल्या वाक्यात बोट ठेवायला जागा नाही, संपूर्ण गाडीच नकोशी आहे. दुसऱ्यात डोकं, गुडघे, मांडी, खांदा, प्रत्येकाची जागा ठरलेली. ज्या आक्षेपाला जागा सापडते तो बहुधा खरा असतो. सापडत नसेल तर निर्णय पुढे ढकलावा, आणि गाडी फोटोत न पाहता रस्त्यावर पाहावी. जाहिरातीतल्या फोटोंत बहुतेकदा सगळ्यात महाग प्रकार असतो, सगळ्यात मोठी चाकं, सगळ्यात भडक रंग, आणि जवळून रुंद लेन्सने काढलेलं नाक. १.९ मीटर रुंद गाडी सिग्नलला इतर गाड्यांच्या शेजारी उभी असताना वेगळीच दिसते. पांढऱ्या रंगातली, साध्या चाकांची गाडी पाहावी. कुणाच्या पार्किंगमध्ये असेल तर रोज येता-जाता पाहावी. दोन-तीन आठवड्यांनी ती डोळ्यांना खुपेनाशी झाली, तर तो अनोळखीपणा होता. तोपर्यंत नवी नवी कुरबूर सापडत गेली, तर ती कुरबूर लिहून ठेवावी आणि घेण्याआधी तीच तपासावी.

कधीकधी दोन्ही प्रकार एकाच भागात दडलेले असतात, आणि क्रमही उलटा असतो. दाराच्या पत्र्यात सपाट बसणारी, लागतील तेव्हाच विजेवर बाहेर येणारी हँडलं घ्या. सुरुवातीला लोक बावरले, उघडायचं कुठून तेच कळेना. मग सराव झाला, मग ती आधुनिकपणाची खूण ठरली, आणि अनेक कंपन्यांनी ती उचलली. हवेच्या हिशेबात त्यांचा फायदा अगदी थोडा. खरा आक्षेप नंतर समोर आला: अपघातात वीज तुटली आणि हँडल बाहेर आलंच नाही, तर मदतीला आलेल्याने दार कशाला धरून ओढायचं? चीनने २०२५ मध्ये यासाठी नियमांचा मसुदा काढला, ज्यात वीज नसतानाही दार बाहेरून आणि आतून हाताने उघडता आलं पाहिजे अशी अट आहे. आपल्याकडे गाडी पाहायला जाल तेव्हा विक्रेत्याला विचारा, बॅटरी पूर्ण बसली तर हे दार बाहेरून कसं उघडायचं. नुसत्या उत्तरावर थांबू नका, त्याला प्रत्यक्ष उघडून दाखवायला सांगा.