डायाटम आणि समुद्रातील सूक्ष्म धातू

डायाटम (करंडक वनस्पती) म्हणजे सिलिकेच्या कवचात राहणारी एकपेशीय शैवले. समुद्रात जेवढे प्रकाशसंश्लेषण होते, त्यातला सुमारे 40 टक्के वाटा त्यांचा. कोणत्या पाण्यात कोणती जाती माजेल हे प्रकाश, नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट यांवर ठरतेच. पण लोह, जस्त, मँगनीज, कोबाल्ट, तांबे आणि कॅडमियम यांच्या लेशमात्र प्रमाणावरही ठरते. ही नोंद त्या धातूंविषयी आहे.

डायाटम पाहायला समुद्रापर्यंत जावे लागत नाही. नाशिकला गोदाघाटाच्या पाण्यातल्या पायरीवर तपकिरी, बुळबुळीत थर धरतो. तो नखाने खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर त्यात होडीच्या आकाराच्या, बारीक रेघा कोरलेल्या काचेच्या डब्या दिसतात. प्रत्येक डबीला तळ वेगळा, झाकण वेगळे. करंडक हे नाव त्यावरूनच पडले. घाटावरचे डायाटम दगडाला धरून राहतात. समुद्रातले बहुतेक तरंगतात, आणि त्यांच्या पायाखाली लोह पुरवणारा दगड नसतो.

खुल्या समुद्राच्या वरच्या थरात अनेक ठिकाणी लिटरभर पाण्यात विरघळलेले लोह 10 नॅनोग्रॅमही भरत नाही. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. जहाजाचा गंज नमुन्यात उतरत असल्याने जुनी मोजमापे कितीतरी जास्त यायची. समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी असते, त्यात लोह गंजासारखे साका होऊन बसते. जे विरघळलेले उरते, ते जवळजवळ सगळे सेंद्रिय रेणूंच्या पकडीत असते. द्राक्ष बागायतदाराला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असते, तरी वेलीच्या शेंड्याची पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग चिलेटेड फेरस, म्हणजे सेंद्रिय रेणूत धरून ठेवलेले लोह, द्यावे लागते. लोह असणे आणि ते घेता येणे, या दोन गोष्टी निराळ्या.

या टंचाईतून जातींची निवड होते. किनाऱ्याजवळच्या जातींना लोह सढळ लागते. भर समुद्रातल्या थॅलॅसिओसिरा ओशिॲनिका या जातीने प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेतले लोहाचे एक प्रथिन सोडून देऊन त्याच कामाला प्लास्टोसायनिन हे तांब्याचे प्रथिन वापरले आहे. लोहाची काटकसर झाली, पण ती जाती तांब्याच्या गरजेत अडकली. स्यूडोनिट्झिया आणि फ्रॅजिलॅरिऑप्सिस या लांबट डायाटमांकडे फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन आहे. वाऱ्याबरोबर धूळ आली की ते लोह भरून ठेवतात आणि पाणी पुन्हा निर्लोह झाल्यावरही काही पिढ्या विभागत राहतात. समुद्रात मुद्दाम लोह टाकलेल्या प्रयोगांत बहुतेकदा हेच लांबट डायाटम पुढे का येतात, याचे एक मोठे कारण मला या साठवणीत दिसते.

लोहाविना उपाशी डायाटम जाड कवच बांधतात: नायट्रोजनच्या मानाने सिलिका दुप्पट-तिप्पट. अशा पेशी जड होऊन बुडतात आणि सिलिकेटही खाली नेतात. दक्षिण महासागरातून उत्तरेकडे जाणारे पाणी त्यामुळे नायट्रेट बाळगते, पण सिलिकेटला मुकते. एका धातूची चणचण हजारो किलोमीटर दूरची वस्ती ठरवते, आणि या विषयातली सर्वांत थक्क करणारी बाब मला हीच वाटते.

लोहाचे हे महत्त्व अमेरिकी समुद्रवैज्ञानिक जॉन मार्टिन यांनी 1980 च्या दशकात ठामपणे मांडले. 1993 मध्ये, त्यांच्या निधनानंतर, गालापागोस बेटांजवळ खुल्या समुद्रात लोह टाकण्याचा पहिला प्रयोग झाला. 1995 च्या दुसऱ्या प्रयोगात डायाटम भरभरून वाढले. भारत आणि जर्मनी यांनी 2009 मध्ये ‘पोलारश्टेर्न’ जहाजावरून दक्षिण महासागरात लोहाफेक्स प्रयोग केला. त्यात गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था होती, आणि नावातला ‘लोहा’ आपल्याच भाषांतला. सुमारे 300 चौ.किमी. पाण्यात हिराकस (लोहाचे सल्फेट) सोडले. शैवले वाढली, पण डायाटम नाहीत, कारण तिथे सिलिकेट संपलेले होते. वाढली ती बारीक, कवचहीन शैवले. कोपेपॉड या बारीक कवचधारी प्राण्यांनी चरून ती आटोक्यात ठेवली आणि खोल पाण्यात कार्बन फारसा गेला नाही.

जस्ताची गोष्ट वेगळी आहे. विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड मिळवण्यासाठी कार्बोनिक ॲनहायड्रेज हे विकर लागते आणि त्यात सहसा जस्त असते. जस्त कमी पडले, तर काही डायाटम तिथे कोबाल्ट बसवतात. थॅलॅसिओसिरा वाइसफ्लोगी ही जाती चक्क कॅडमियम वापरते. एरवी विष समजला जाणारा हा धातू उपयोगी पडल्याचे सजीवांतले हे ठाऊक असलेले एकमेव उदाहरण. तांबे मात्र थोडे जास्त झाले तरी घात करते. द्राक्षावरच्या डाऊनी (केवडा) रोगावर मोरचूद (तांब्याचे सल्फेट) आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण मारतात, ते तांबे बुरशीला मारते म्हणूनच. समुद्रात त्याचा फटका आधी नील-हरित जीवाणूंना बसतो. डायाटम त्यामानाने तग धरतात.

गोदावरीपुरते पाहिले, तर ब्रह्मगिरीचा काळा पाषाण लोह आणि सिलिका दोन्ही देतो. 1,465 किमी. वाहून नदी बंगालच्या उपसागराला मिळते, तेव्हा खाऱ्या पाण्याशी गाठ पडताच विरघळलेल्या लोहाचा मोठा भाग गोळा होऊन तळाशी बसतो. सिलिकेट बरेचसे पुढे जाते; मात्र वाटेतल्या धरणांच्या संथ पाण्यात गोड्या पाण्याचे डायाटम त्यातला काही भाग आधीच कवचात बांधून गाळात बसवतात.