कोलिजन कोर्स

दोन जहाजं किंवा विमानं आत्ता चाललीयेत तशीच चालत राहिली तर एकाच वेळी एकाच जागी पोचतील, याला कोलिजन कोर्स म्हणतात. गंमत म्हणजे जो धडकणार असतो तो बाजूला सरकताना दिसतच नाही. निफाडकडे द्राक्षांच्या सीझनला गाडी चालवलीये त्यांना हे लगेच कळेल, मळ्यातल्या रस्त्याने क्रेट भरलेली पिकअप येत असते, ती काचेवरच्या गणपतीच्या स्टिकरशेजारी दिसते आणि दोघांचाही स्पीड तोच राहिला तर तिथंच चिकटून राहते, फक्त मोठी मोठी होत जाते. स्टिकरच्या मागे पडायला लागली की समजा आपण आधी निघणार.

समुद्रावर हेच होकायंत्राने बघतात. समोरच्या जहाजाची दिशा बदलत नाही आणि अंतर कमी होतंय म्हणजे धोका, १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला सातवा नियम हाच. आता रडारला जोडलेली आर्पा यंत्रणा दोघं कमीत कमी किती अंतरावरून जाणार आणि किती मिनिटांनी, हे स्वतःच काढून देते, शिवाय एआयएसवर, म्हणजे जहाजं रेडिओवरून स्वतःची माहिती पाठवतात त्या यंत्रणेवर, समोरच्याचं नाव, स्पीड सगळं दिसतं.

विमानात मिनिटं नसतात. ताशी ९०० किमीने समोरासमोर येणारी दोन विमानं सेकंदाला अर्धा किलोमीटर जवळ येतात, म्हणून टीकॅस, म्हणजे विमानातलं टक्कर टाळायचं यंत्र, अंतरापेक्षा वेळ मोजतं. ते १०३० मेगाहर्ट्झवर विचारतं, समोरच्या विमानातला ट्रान्सपॉन्डर, म्हणजे आपोआप उत्तर देणारं रेडिओ यंत्र, १०९० वर उत्तर देतो, त्याला लागलेल्या वेळेवरून अंतर कळतं आणि उंची उत्तरातच असते. आधी "ट्रॅफिक, ट्रॅफिक", मग टक्कर १५ ते ३५ सेकंदांवर आली की "क्लाइंब" किंवा "डिसेंड". दोन्हीकडे टीकॅस असेल तर यंत्रं आपसात ठरवतात कोण वर, कोण खाली. डावी-उजवी सांगत नाही, कारण त्याला दिशा तेवढी अचूक कळत नाही.

१२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं धडकून ३४९ माणसं गेली, दोन्हीत टीकॅस नव्हतं. २००२ ला जर्मनीत युबरलिंगनवर मात्र दोन्हीत होतं! एकाने यंत्राचं ऐकलं, दुसऱ्याने यंत्र "वर जा" म्हणत असताना जमिनीवरच्या कंट्रोलरचं ऐकून विमान खाली नेलं, ७१ जण गेले. तेव्हापासून नियम पक्का, यंत्र आणि कंट्रोलर यांचं वेगळं पडलं तर यंत्राचं ऐकायचं.

नाशिकच्या ओझर विमानतळावर उतरताना शेवटच्या साधारण हजार फुटांत मात्र टीकॅस वर-खाली काहीच सुचवत नाही, तिथं टॉवर आणि डोळे. आणि ट्रान्सपॉन्डर नसलेलं त्याला मुळात दिसतच नाही, म्हणजे नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी तर नाहीतच.