विहीर माझी, पाणी कुणाचं? महाराष्ट्रातील भूजल कायद्यांची पार्श्वभूमी

बोअर मारायला परवानगी कशाला, रान तर माझंच आहे, असं शेतकरी म्हणतो तेव्हा त्यामागे एक जुना कायदा असतो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानं जमिनीच्या मालकाला आपल्या हद्दीत जमिनीखालचं, ठरावीक प्रवाहात न वाहणारं पाणी घेण्याचा हक्क मान्य केला. मोटेच्या काळात त्यानं फारसं काही बिघडलं नाही. बैल दमले की उपसा थांबायचा.

१९७२ च्या दुष्काळानं चित्र पालटलं. त्याच वर्षी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली, गावोगावी हातपंप बसले. पुढं विहिरीला कर्ज आणि मोटारीला वीज मिळू लागली. वीजबिल मीटरवर न येता अश्वशक्तीवर येऊ लागल्यावर मोटार किती तास चालली याचा हिशेब ठेवायचं कारणच उरलं नाही. राज्याचा सुमारे ८२ टक्के भूभाग बेसाल्टचा. या खडकात पाणी मुरुमात आणि भेगांमध्येच साठतं, तेही थोडंच. त्यामुळे एकाच्या उपशानं शेजाऱ्याची विहीर आटते, आणि दोघांच्या उपशानं गावची.

पिण्याच्या पाण्याचे हाल वाढल्यावर १९९३ चा कायदा आला. सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर नाही. टंचाई जाहीर झाली तर एक किलोमीटरपर्यंतच्या विहिरींच्या उपशावर निर्बंध. अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे. हेतू चांगला होता, पण रचनाच अशी की आधी तक्रार, मग भूवैज्ञानिकाचा अहवाल, मग आदेश. बोअरची गाडी मात्र एका रात्रीत काम उरकून पुढच्या गावाला जाते. शिवाय शेजाऱ्याविरुद्ध अर्ज कोण करणार?

काही गावांनी मात्र वेगळी वाट धरली. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत सुरू केली. तिथं पाणी जमिनीच्या आकारावर न वाटता घरातल्या माणसांवर वाटायचं ठरलं, भूमिहीनालाही वाटा मिळाला आणि उसाला बंदी झाली. हिवरे बाजारनं पोपटराव पवारांच्या पुढाकारानं शेतीसाठी बोअर घ्यायचं बंद केलं. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची, हा तिथला शिरस्ता झाला. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात मोलाचं काम हेच. पाणी सगळ्यांचं आहे, हे कायद्याची वाट न बघता या गावांनी व्यवहारात आणून दाखवलं.

केंद्रात १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९७ मध्ये भूजलाच्या उपशावर नियंत्रण ठेवणारं केंद्रीय भूजल प्राधिकरण आलं. राज्याच्या विधिमंडळानं भूजल विकास व व्यवस्थापन कायदा २००९ मध्ये मंजूर केला. राष्ट्रपतींची संमती वगैरे होऊन तो लागू व्हायला १ जून २०१४ उजाडला. नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला तो २०१८ मध्ये. इतक्या वर्षांत किती बोअर झाले असतील!

या कायद्यानं राज्य भूजल प्राधिकरणाचं काम जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे दिलं आणि खाली पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समित्या मांडल्या. विहिरींची नोंदणी आली. शेती आणि उद्योगासाठी ६० मीटर किंवा त्याहून खोल विहीर घ्यायला मनाई आली. ६० मीटर म्हणजे साधारण २०० फूट, आणि मराठवाड्यात बोअर त्याच्या कितीतरी खाली जातात. एकदा मोटार आत सोडली की बोअर २०० फूट आहे की ७०० हे वरून बघून कळत नाही. खोली नक्की ठाऊक असते ती गाडीवाल्याला, कारण तो फुटावर पैसे घेतो. म्हणून बोअरच्या गाड्यांची नोंदणी हे मला या कायद्यातलं सर्वांत कामाचं कलम वाटतं. यातल्या कितीतरी गाड्या तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडहून येतात आणि हंगाम संपला की परत जातात. नोंद व्हायची तर त्या तालुक्यात असतानाच व्हायला हवी.