फुसका बार (ठासणीच्या बंदुकीचा)

चाप ओढला, घोडा पडला, पण नळीतला बार उडाला नाही, तर त्याला फुसका बार म्हणतात. ठासणीच्या बंदुकीत आधी दारू, तिच्यावर चिंधीत धरलेली शिशाची गोळी, असे तोंडाकडून भरून गजाने ठासतात. काडतुसाच्या बंदुकीतले काडतूस खटकन बाहेर काढता येते. इथे बार नळीच्या बुडाशी बसून राहतो, आणि धोका खरा इथूनच सुरू होतो.

कारण बहुधा ओल. काळी दारू म्हणजे सुमारे ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा, १० टक्के गंधक. ती जळल्यावर उरणारी काजळी हवेतले पाणी शोषते. मुंबईच्या पावसाळी हवेत ती चटकन चिकट होऊन बंदुकीचा कान (नळीच्या बुडाचे, ठिणगी आत नेणारे भोक) किंवा केपखालच्या निपलचे भोक बुजवते. केप म्हणजे घोडा आपटताच पेटणारी छोटी टोपी, आणि निपल म्हणजे ती बसवायची पोकळ बोंडी. कधी दारू घालायचीच राहते आणि नुसती गोळी ठासली जाते. मुरलेल्या नेमबाजांच्या हातूनही हे होते.

अशा वेळी बंदूक खाली घेऊ नये, वळून कोणाला काही विचारू नये. तोंड निशाणामागच्या मातीच्या बांधाकडेच ठेवून निदान एक मिनिट थांबावे. आत ठिणगी धुमसत असली तर बार उशिरानेही उडतो. हे मिनिट फार लांब वाटते, म्हणून ते घड्याळावरच मोजावे. नंतर नवी केप लावून, चकमकीची बंदूक असेल तर सुईने कान मोकळा करून ताजी रंजक (कानापाशी पेटवायची बारीक दारू) घालून, पुन्हा चाप ओढावा. तरीही बार उडाला नाही, तर निपल काढून त्या भोकातून दारूचे थोडे कण आत सोडतात. नुसती गोळी ठासली गेली असेल तरी उपाय हाच. मात्र गोळी गजाने पुन्हा तळापर्यंत बसवल्याशिवाय बार करू नये. दारू आणि गोळीत पोकळी राहिली तर नळी फाटू शकते. या सगळ्या कामात चेहरा, तळहात किंवा छाती नळीच्या तोंडासमोर येता कामा नये.

बार उडवून नळी रिकामी करणे उत्तम. ते जमत नसेल तर केप किंवा रंजक काढावी, नळीत पाणी ओतून दारू पूर्ण भिजू द्यावी, मग गजाच्या टोकाला स्क्रू लावून तो गोळीत रुतवून ती ओढून काढावी. दाबाच्या वायूने गोळी बाहेर ढकलणारे साधनही मिळते. तेव्हाही तोंड बांधाकडेच हवे. भिजलेली दारू वाळली की पुन्हा पेटू शकते, म्हणून नळी धुऊन पुसून घ्यावी.

अमेरिकी यादवी युद्धातल्या १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणातून गोळा केलेल्या सुमारे २७ हजार बंदुकांपैकी बहुतेक भरलेल्या होत्या, आणि हजारोंमध्ये एकावर एक ठासलेले बार होते.

कोकणातल्या घराच्या माळ्यावरून मुंबईत आलेली आजोबांची बंदूकही भरलेलीच समजावी. चालू स्थितीतल्या बंदुकीला १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो. मुंबईत तो पोलीस आयुक्तालय देते. पारख सोपी आहे. केप नाही ना, हे पाहून गज बाजूने धरून नळीत सोडावा. रिकाम्या नळीत तो ठण्ण वाजतो, भरलेलीत थप्प. तोंडापाशी गजावर खूण करून तो बाहेरून नळीला लावून पाहावा. टोक कानाच्या तीन-चार बोटे अलीकडेच राहिले, तर बंदुकीला पुढे हात न लावता पोलीस ठाण्याला कळवावे.