डॅशबोर्ड लख्ख, पण हेडलाइट लागलेत का?

दिवेलागणीनंतर शहरात अशी एखादी गाडी हमखास दिसते. पुढे पांढऱ्याशुभ्र पट्ट्या झळकतायत, मागे मात्र ठार अंधार. चालकाला हटकलं तर तो म्हणणार, "अहो, लाइट चालू आहेत की!" त्याच्यासमोर डॅशबोर्ड लख्ख उजळलेला असतो, त्यामुळे त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही.

पूर्वी बहुतेक गाड्यांत मीटरमागचा दिवा पार्किंग लाइट लावल्यावरच लागायचा. लाइट विसरलात तर काटाच दिसेना, हात आपसूक स्विचकडे जायचा. आताचा डिजिटल मीटर गाडी सुरू करताच उजळतो, दिवस असो की रात्र.

त्यात भर डीआरएलची, म्हणजे 'डेटाइम रनिंग लाइट'ची: पुढच्या त्या पांढऱ्या पट्ट्या. हे दिवे आहेत ते दिवसा तुमची गाडी इतरांना दिसावी म्हणून. युरोपीय नियमात त्यांची तीव्रता ४०० ते १२०० कँडेला ठरवलेली आहे. रस्ता दाखवणं हे त्यांचं कामच नाही. ते काम हेडलाइटच्या लो बीमचं. पथदिव्यांच्या उजेडात हा फरक जाणवत नाही, आणि खरी गोम मागे आहे: अनेक गाड्यांत नुसत्या डीआरएलवर टेललाइट लागतच नाहीत. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुम्ही दिसणार कसे?

कॅनडात नव्या गाड्यांना डीआरएलची सक्ती डिसेंबर १९८९ पासून आहे, त्यामुळे हा घोळ त्यांनी बराच भोगला. सप्टेंबर २०२१ पासून तिथे नव्या गाड्यांना तीन पर्याय दिले गेले: डीआरएलबरोबर टेललाइटही लागावेत, किंवा अंधारात सगळे दिवे आपोआप लागावेत, नाहीतर डॅशबोर्ड काळाच राहावा. तिसरा पर्याय म्हणजे आपली जुनी पद्धतच की!

मग ओळखायचं कसं? मीटरवरची चिन्हं बघा. तिरक्या, खाली झुकलेल्या रेषांचं हिरवं चिन्ह म्हणजे लो बीम. पाठीला पाठ लावलेले दोन दिवे म्हणजे फक्त पार्किंग. निळं म्हणजे हाय बीम, समोरच्याचे डोळे दिपवणारा. बऱ्याच गाड्यांत लाइट लावल्यावर स्क्रीन मंद होते, पण पार्किंगच्या पहिल्या टप्प्यावरही ती मंद होते, तेव्हा त्या खुणेवर विसंबू नका.

'ऑटो'वरही डोळे मिटून भरवसा नको. सेन्सर उजेड मोजतो, धुकं नाही. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात भर दुपारी दहा पावलांवरचं दिसत नसतं, पण ढग पांढरे असतात. सेन्सरच्या लेखी तो दिवसच. तिथे स्विच हातानेच फिरवा.

शंका असेल तर पार्किंगमध्ये भिंतीसमोर गाडी उभी करा. डीआरएलचा नुसता फिकट उजेड पसरतो, लो बीमची मात्र वरची कड रेघ मारल्यासारखी कापलेली दिसते. मागे भिंत असेल तर आरशात लाल उजेड दिसतोय का तेही बघा. ब्रेकवरून पाय काढून, नाहीतर ब्रेकलाइटच फसवेल.