मुलांची आबाळ आणि मुलांची हेळसांड

बांधकामावरच्या पाण्याच्या टाकीत बुडून मजुराचं मूल गेलं, की बातमीत बहुधा एक वाक्य असतं: आईवडील कामात होते, मुलाकडे लक्ष नव्हतं. उंच इमारतीच्या गॅलरीतून मूल पडलं, की ती दुर्दैवी घटना असते, आणि सोबत गॅलरीला जाळी कशी बसवून घ्यावी याची चौकट येते. नजर दोन्ही घरांत क्षणभरच हटलेली असते. पण पहिल्या बातमीत टाकी उघडी कोणी ठेवली, हे वाचकही विचारत नाही. पन्नासहून जास्त स्त्रिया कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली आणि त्यांना सांभाळणारी प्रशिक्षित बाई ठेवण्याचं बंधन बांधकाम कामगारांच्या १९९६च्या कायद्यानेच मालकावर घातलं होतं. ती खोली त्या साइटवर होती का, हा प्रश्न खरं तर पहिला यायला हवा.

मुलाची आबाळ होणं आणि मुलाची हेळसांड करणं या दोन गोष्टी आपण सर्रास एकच समजतो. आबाळ ही मुलाची स्थिती आहे. वेळेवर जेवण नाही, औषध नाही, जवळ कोणी मोठं माणूस नाही. ती कोणामुळे झाली हे त्यात ठरलेलं नसतं. हेळसांड हे मोठ्या माणसाचं वागणं आहे: देता येत असताना न देणं, बघता येत असताना न बघणं. घोटाळा होतो तो दोन्हींच्या खुणा सारख्या दिसतात म्हणून. कमी वजन, गुंता झालेले केस, शाळेतल्या हजेरीपटावरच्या फुल्या. नुसतं मुलाकडे पाहून फरक कळत नाही. त्या घरापुढे कोणकोणत्या वाटा खुल्या होत्या हे पाहिल्यावरच तो कळतो. आणि नेमकं हेच पाहायला आपण तयार नसतो. गरिबाला सगळ्या वाटा मोकळ्या होत्या असं धरून चालतो आणि आपल्यासारख्या घरातल्या माणसाचा हेतू चांगलाच असणार असं धरतो.

ऊसतोडीच्या घरात हे जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे क्वचितच दिसत असेल. दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून कुटुंबंच्या कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्याच्या आवारात किंवा शिवारात कोप्या घालून राहतात. मजुरीचा हिशोब कोयत्यावर होतो आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) आधीच घेतलेली असते, ती बहुतेक वेळा गावातलं देणं फेडण्यात किंवा आजारपणात गेलेली असते. जोडीतलं एकही माणूस एक दिवस कामावर आलं नाही तर खाडा, म्हणजे दंड, लागतो आणि उचल फिटायची लांबते. पहाटे अंधारात फडावर, म्हणजे उसाच्या शेतात, जायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. संध्याकाळी स्वयंपाक पुन्हा बाईनेच करायचा.

आता या आईने मुलाचं काय करावं? सोबत नेलं तर शाळा बुडते. बांधावर झोळीत बाळ, त्याला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण. हे पाहून आपण म्हणतो, यांना शिक्षणाची किंमतच नाही. गावी आजीजवळ ठेवलं तर म्हणतो, पोरांना म्हाताऱ्यांच्या गळ्यात टाकून जातात. हंगामी वसतिगृहात ठेवायचं तर ते गावात सुरू झालेलं असायला हवं आणि मुलीला तिथे सुरक्षित वाटायला हवं. कामाला न जाणं ही वाट उचल घेतली त्या दिवशीच बंद झालेली असते. म्हणजे बाईने काहीही केलं तरी तिच्यावर ठपका ठेवायला शब्द तयार आहेत.

याउलट शहरातलं एखादं घर दहावी झालेल्या मुलाला कोट्याला पाठवतं किंवा पाचवीतल्या मुलाला पाचगणीच्या निवासी शाळेत घालतं. मूल आईवडिलांपासून दूर जातंच, रात्री रडतंही. पण नातेवाइकांत या गोष्टीला त्याग म्हणतात, मुलाच्या भविष्यासाठी काळजावर ठेवलेला दगड म्हणतात. मी त्या पालकांना दोष देत नाही. बहुतेकांनी तो निर्णय खरोखर विचार करून घेतलेला असतो. पण ऊसतोडीला जाणारी आईही विचार करूनच जाते. तिच्या विचाराला मात्र कोणी विचार म्हणत नाही.

गरिबीचं नाव घेतलं की पालकांची सगळी जबाबदारी संपते, असं मात्र मुळीच नाही. ऊसतोडीच्या पट्ट्यातले बालविवाह घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के आणि बीड जिल्ह्यात ४४ टक्क्यांच्या घरात निघालं. वयात आलेल्या मुलीला गावी एकटं ठेवायची भीती, फडावर नेली तर तिथल्या उघड्यावरच्या राहणीची भीती, आणि लग्न झालं की नवा कोयता तयार होतो हा हिशोब: हे सगळं त्या आकड्यामागे आहे. भीती खरी आहे. तरीही पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न लावणं हा त्या मुलीवरचा अन्याय आहे, आणि २००६च्या कायद्याने तो गुन्हा आहे. इथे आबाळ आणि मोठ्यांचा निर्णय एकमेकांत गुंतलेले आहेत. अशा ठिकाणी आईबापांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं, आणि बिचारे म्हणून सोडून देणंही सोपं. दोन्हींत ती मुलगी एकटीच राहते. तिला लागतं ते चालू असलेलं वसतिगृह, आणि लग्न थांबवणारा ग्रामसेवकही.

कुपोषणाचंही तसंच. मेळघाटात किंवा धडगाव-अक्कलकुव्याकडे तीव्र कुपोषित मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण दोन आठवडे ठेवावं लागतं आणि आईला सोबत राहावं लागतं. आई चौथ्या दिवशी मूल घेऊन निघून गेली की शेरा ठरलेला: समज नाही. घरी आणखी दोन लहान मुलं आहेत, शेतीचा हंगाम तोंडावर आहे आणि मजुरी बुडतेय, हे त्या शेऱ्यात मावत नाही. शासनाच्या नवसंजीवन योजनेत मुलासोबत दवाखान्यात राहणाऱ्या पालकाला बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. ज्यांनी ती लिहिली त्यांना अडचण नेमकी कळली होती. पैसे हातात वेळेवर पडणं हा पुढचा प्रश्न, पण किमान रोग ओळखताना चूक झालेली नाही.

कायद्याची भाषा इथे समाजाच्या भाषेपेक्षा पुष्कळ सावध आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ मध्ये मुलाकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं शिक्षापात्र आहे, म्हणजे हेतू पाहावा लागतो. त्याच कलमात परंतुक, म्हणजे अपवाद, आहे: जन्मदात्या आईवडिलांनी आपल्या हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे मुलाला सोडलं असेल, तर ते जाणूनबुजून केलेलं नाही असं धरावं आणि शिक्षा लागू करू नये. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे तत्त्वही याच कायद्यात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००९च्या पर्यायी देखभालीच्या मार्गदर्शक तत्त्वांत तर स्पष्ट म्हटलंय की केवळ गरिबी हे मूल आईवडिलांपासून काढून घेण्याचं एकमेव कारण कधीही असू नये. दुसरीकडे, 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' या व्याख्येत रस्त्यावर राहणारं, भीक मागणारं, काम करताना सापडलेलं मूल आपोआप येतं. मुलाला मदत मिळावी म्हणून ती व्याख्या रुंद ठेवली आहे. पण तिच्यामुळे यंत्रणेची नजर उघड्यावर जगणाऱ्या कुटुंबाकडेच आधी वळते, हेही खरं. बंद दारामागचं मूल त्या नजरेत येत नाही.

बंद दारामागे हेळसांड असते. महिनोन्‌महिने बापाशी दोन वाक्यांपलीकडे न बोललेलं मूल, मार्क कमी पडले की जेवण बंद होणारं मूल, सांभाळायला ठेवलेल्या ताईशिवाय कोणालाच ज्याच्या तापाची खबर नसते असं मूल. पैशाने या घरातली आबाळ झाकली जाते. डबा भरलेला असतो, गणवेश इस्त्रीचा असतो, फी वेळेवर भरलेली असते. शाळेत, सोसायटीत, दवाखान्यात कोणालाही शंका येत नाही, आणि आलीच तर बोलायचा धीर होत नाही. गरीब घराचं तसं नसतं. त्याचं आयुष्य एसटी स्टँडवर, नळावर, अंगणवाडीत, सरकारी दवाखान्याच्या रांगेत सगळ्यांसमोर चालतं. आईने मुलाला एक धपाटा घातला तरी दहा माणसं पाहतात, आणि त्या दहांना आपण तिच्याहून बरे पालक आहोत असं वाटून जातं.

असं कोणी आपल्याला तोलू लागलं की काय वाटतं, याचा अनुभव भारतीय मध्यमवर्गाने एकदा घेतला आहे. २०११ साली नॉर्वेतल्या स्टाव्हांगरमध्ये बालकल्याण यंत्रणेने एका भारतीय दांपत्याची दोन लहान मुलं ताब्यात घेतली. आई हाताने भरवते, मुलं आईवडिलांच्या अंथरुणात झोपतात, अशी कारणं इकडच्या वृत्तपत्रांत आली. तिथल्या यंत्रणेने संस्कृतीचा संबंध नाकारला, पण गोपनीयतेमुळे अधिक काही सांगितलं नाही. प्रकरण परराष्ट्र मंत्रालयापर्यंत गेलं आणि २०१२ मध्ये मुलं भारतात काकांकडे आली. त्या वेळचा संताप मला समजतो. सत्ता हाती असलेल्या परक्या माणसाने आपल्या घरात डोकावून आपल्या मायेलाच बेपर्वाई म्हणावं, हे झोंबणारच.

पारधी पालावरच्या आईला ते पिढ्यान्‌पिढ्या झोंबत आलं आहे. १९११च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सरकारला या जमातींच्या मुलांना आईवडिलांपासून तोडून वेगळ्या शाळांत ठेवण्याचा अधिकार दिला होता. समजूत अशी की हे आईबाप मुलांना बिघडवणारच. या जमातींना जिथे डांबून ठेवलं जाई त्या सोलापूरच्या सेटलमेंटची तारेची कुंपणं त्याच काळातली. कायदा १९५२ साली गेला. पण पालावरचं मूल सिग्नलला दिसलं की 'हे पळवून आणलेलं असेल' ही शंका अजून पटकन येते, आणि काही वेळा तिच्यामागून जमाव येतो.

मग ओळखायचं कसं? मी स्वतःला एक प्रश्न विचारते: या घराला उद्या पुरेसे पैसे, पाळणाघर आणि पगारी सुटी मिळाली, तर मुलाची स्थिती बदलेल का? बदलणार असेल तर ती आबाळ आहे, आणि तिचा जाब आईला नव्हे, मालकाला, कारखान्याला, शासनाला विचारायला हवा. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने नोकरदार आईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. फडातली बाई बाळंतपणानंतर काही आठवड्यांत कोयता हातात घेते. सगळं मिळूनही मूल उपाशीच राहणार असेल, मार खाणार असेल, तर ती हेळसांड, मग घर झोपडीत असो की बंगल्यात. आणखी एक पाहावं: जेवढं हाताशी आहे त्यातलं मुलाच्या वाट्याला किती जातं? शंभर रुपयांतले साठ मुलाच्या औषधाला घालणारी आई आणि लाखातले पाच हजार घालणारा बाप यांच्यात बेफिकीर कोण, हे मोजायला औषधाची किंमत उपयोगी पडत नाही.

मूल मार खाताना, कोंडलेलं, भेदरलेलं दिसलं तर घराची ऐपत न पाहता १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करावा. तो फुकट लागतो आणि नाव गुप्त ठेवता येतं. आई धडपडतेय पण पुरं पडत नाही असं दिसलं, तर तक्रारीऐवजी अंगणवाडी सेविकेला किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला बालसंगोपन योजनेबद्दल विचारावं. आईवडिलांपैकी एक गेलेला असेल, घर सोडून गेला असेल किंवा दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळला असेल, तर मूल घरातच राहावं म्हणून महाराष्ट्र शासन या योजनेतून दरमहा २,२५० रुपये देतं. अर्जाला मुलाचं आणि पालकाचं आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड आणि लागू असेल तर मृत्यूचा दाखला लागतो. दाखले जमवताना त्या बाईचा आणखी एक रोज बुडतो, म्हणून शक्य असेल तर तिच्यासोबत जाऊन ते काढून द्यावेत.