मॉरिशस वेगळं, रियुनियन वेगळं

गणेशचतुर्थीला ज्या बेटावर सरकारी सुट्टी असते, ते मॉरिशस. तिथून नैऋत्येकडे साधारण २०० किलोमीटरवर जे दुसरं बेट आहे, ते रियुनियन. नकाशात दोन्ही मादागास्करच्या पूर्वेला शेजारी-शेजारी दिसतात. दोन्ही ज्वालामुखीतून वर आली, दोन्हीकडे उसाचे मळे आहेत, फ्रेंचमधून घडलेली क्रिओल बोली आहे, देवळं, मशिदी आणि चर्च एकाच रस्त्यावर आहेत. त्यामुळे एकाची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर सहज खपून जाते.

पहिला फरक अगदी ठळक आहे. मॉरिशस हा स्वतंत्र देश आहे. रियुनियन हा देश नाही, आणि फ्रान्सची वसाहतही नाही. ते फ्रान्सच आहे. तिथले लोक फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष निवडतात आणि खिशात युरो बाळगतात. १ जानेवारी २००२ला युरोच्या नोटा आणि नाणी चलनात आली, तेव्हा घड्याळ युरोपच्या पुढे असल्यामुळे पहिली खरेदी रियुनियनच्या सँ-दनी शहरातल्या बाजारात झाली. तिथल्या महापौरांनी एक किलो लिची घेतल्या.

सगळ्यात जास्त गोंधळ जुन्या नावांनी घातला आहे. डच खलाशी १५९८मध्ये मॉरिशसला उतरले आणि आपल्या राजपुत्राच्या, मॉरिट्सच्या, नावावरून त्यांनी बेटाचं नाव ठेवलं. १७१०मध्ये ते बेट सोडून गेले. १७१५मध्ये फ्रेंचांनी त्याला 'इल द फ्रान्स' म्हटलं, आणि पुढे इंग्रजांनी डचांचं नाव परत आणलं. रियुनियनचं नाव फ्रेंच राजघराण्यावरून 'बूर्बों' होतं. क्रांतीनंतर राजाचं नाव नको म्हणून १७९३मध्ये 'रेयुनियों' झालं, १८०६मध्ये नेपोलियनच्या काळात 'बोनापार्त', १८१०मध्ये इंग्रज आल्यावर पुन्हा बूर्बों, आणि १८४८पासून कायमचं रियुनियन. म्हणजे जुन्या कागदात 'इल द फ्रान्स' वाचलं तर मॉरिशस समजायचं. आज मात्र त्याच नावाचा प्रांत पॅरिसभोवती आहे.

दुकानात 'बूर्बों व्हॅनिला' मिळतो, त्यातलं बूर्बों हेच. व्हॅनिलाची वेल मेक्सिकोतून या बेटावर आणली होती. वेल वाढायची, फुलायची, पण शेंग धरायची नाही, कारण परागीभवन करणारे तिकडचे कीटक इथे नव्हते. १८४१मध्ये एदमों नावाच्या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातला पडदा उचलला आणि अंगठ्याने हलकेच दाबून पराग योग्य जागी लावला. आजही जगभर व्हॅनिलाची फुलं याच पद्धतीने, एकेक करून, हाताने फळवतात. १८४८मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा त्याला आल्बियुस हे आडनाव मिळालं. त्याच्या युक्तीवर बेटाने व्यापार उभा केला. तो स्वतः १८८०मध्ये गरिबीत गेला. ही गोष्ट मॉरिशसची म्हणून सांगितली जाते तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं. त्या मुलाला हयातीत काही मिळालं नाही, निदान त्याचं गाव तरी बरोबर सांगावं.

डोडोचं उलट आहे. डोडो हा पक्षी मॉरिशसचा, आणि फक्त मॉरिशसचा. माणूस, त्याची डुकरं, उंदीर आणि माकडं बेटावर आल्यानंतर शंभर वर्षांच्या आत तो नाहीसा झाला. पण रियुनियनवरही 'पांढरा डोडो' होता असं पुस्तकांतून दीर्घकाळ छापलं जात होतं. जुन्या प्रवाशांनी तिथल्या 'सॉलिटेर' पक्ष्याचं वर्णन केलं होतं आणि युरोपात कोणी पांढऱ्या डोडोची चित्रं काढली होती. दोन्हींची सांगड घातली गेली. विसाव्या शतकाच्या शेवटी हाडं तपासल्यावर कळलं की रियुनियनचा तो पक्षी डोडोचा भाऊबंदच नव्हता. तो शराटीच्या, म्हणजे आयबिसच्या कुळातला होता.

जमिनीतला फरक तर विमानाच्या खिडकीतूनही दिसावा. मॉरिशस वयाने मोठं, झिजलेलं, शांत. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचं आणि भोवती प्रवाळाचं कडं, म्हणून ते निळं-हिरवं उथळ पाणी. रियुनियन तरुण आहे. तिथलं पितों दे नेज शिखर ३,००० मीटरच्या वर जातं आणि पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजून जागा आहे, वारंवार लाव्हा ओकतो. पावसाचं म्हणाल, तर २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि आपण तो अजून विसरलेलो नाही. रियुनियनच्या फोक-फोक इथे जानेवारी १९६६मध्ये एका वादळात २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पडला. बेटाच्या मध्यभागी कड्यांनी वेढलेली तीन प्रचंड खोरी आहेत. त्यातल्या माफातमध्ये आजही मोटारीचा रस्ता नाही. माणसं चालत जातात आणि जड सामान हेलिकॉप्टरने उतरतं. पळालेले गुलाम याच खोऱ्यांत दडून राहिले. मॉरिशसमध्ये तशांचा आसरा म्हणून ल मॉर्न हा डोंगर ओळखला जातो.

मग दोघांची वाट फुटली कुठे? १८१०मध्ये इंग्रजांनी दोन्ही बेटं घेतली. मॉरिशससाठी त्यांना घाम गाळावा लागला. ऑगस्टमध्ये ग्रां पोर्टच्या आरमारी लढाईत फ्रेंचांनी त्यांना हरवलं, आणि तो विजय पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेला आहे. पण डिसेंबरपर्यंत बेट पडलं. १८१४च्या पॅरिसच्या तहात इंग्रजांनी मॉरिशस ठेवून घेतलं, कारण तिथे चांगलं बंदर होतं आणि हिंदुस्थानच्या वाटेवर पहारा ठेवता येत होता. बंदर नसलेलं बूर्बों त्यांनी परत दिलं. शरणागतीच्या अटींत फ्रेंच रहिवाशांचे कायदे, भाषा, धर्म आणि चालीरीती राखण्याचं वचन होतं. दीडशे वर्षं इंग्रजांच्या ताब्यात राहूनही मॉरिशसची वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये निघतात, त्याचं मूळ इथे आहे.

गुलामगिरी मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ला संपली, रियुनियनमध्ये २० डिसेंबर १८४८ला. दोन्हीकडे उसाच्या मळ्यांना नवे हात लागले आणि दोन्हीकडे ते हिंदुस्थानातूनच आले. मात्र मराठी वाचकाला जो फरक कळायला हवा, तो इथेच पडतो.

मॉरिशस इंग्रजांचं, म्हणून तिथे कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तिन्ही बंदरांतून माणसं गेली. २ नोव्हेंबर १८३४ला 'अ‍ॅटलास' जहाजातून पहिले ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढे जवळजवळ साडेचार लाख आले. ते बेटाला 'मिरीच देश' म्हणत. ज्या धक्क्यावर ते उतरत, तो आज आप्रवासी घाट म्हणून जागतिक वारशाच्या यादीत आहे. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे आणि आसपासचे लोक होते. त्यांच्यासोबत गणपती गेला आणि जाखडीही. आज तिथल्या शाळांत हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दूसोबत मराठी हा विषय घेता येतो. घरात बहुतेकांची बोली क्रिओलच झाली आहे, हे खरं. पण आरती मराठीत आहे आणि तिला शाळेचा आधार आहे.

रियुनियनला मजूर मुख्यतः पाँडिचेरी, कारिकल अशा फ्रेंच ठाण्यांतून आणि मद्रासच्या बाजूने गेले, म्हणजे बहुसंख्य तमिळ. तिथे त्यांना 'मालबार' म्हणतात, मलबारशी फारसा संबंध नसताना. १८६०मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातून भरतीचा करार झाला, आणि मजुरांना दिल्या जाणाऱ्या वागणुकीमुळे इंग्रज सरकारने १८८२मध्ये ती भरती थांबवली. मागे राहिलेल्यांना फ्रेंच शाळा, फ्रेंच कायदा आणि बहुतेकदा ख्रिस्ती नाव मिळालं. घराघरांतून तमिळ गेली. पण निखाऱ्यांवरून चालण्याचं व्रत टिकलं, देवळं टिकली, सँतांद्रेची दिवाळी टिकली. भाषा गेल्यावरही देव राहू शकतो हे रियुनियनमध्ये दिसतं. तरीही मला वाटतं, भाषा जाणं हीच मोठी हानी आहे. तिच्याबरोबर आजीची गोष्ट जाते.

मॉरिशसच्या व्यवस्थेचीही किंमत आहे. माणसाला समाजानुसार मोजण्याची इंग्रजांची सवय तिथल्या राज्यघटनेत उतरली: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि 'सर्वसाधारण' असे चार गट, आणि निवडणुकीत पुरेशा जागा न मिळालेल्या गटांसाठी संसदेत ८ जागांची तजवीज. १९६७च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मतं स्वातंत्र्याच्या विरोधात गेली, हिंदू बहुसंख्येची भीती हे त्याचं एक मोठं कारण. जानेवारी १९६८मध्ये पोर्ट लुईत दंगली झाल्या. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १२ मार्चला, देश स्वतंत्र झाला; दांडीयात्रा निघाली होती तीच ही तारीख. १९९२मध्ये प्रजासत्ताकही याच दिवशी झालं.

रियुनियनने १९ मार्च १९४६ला उलट वाट घेतली. रेमों व्हेर्जेस यांच्यासारख्या डाव्या नेत्यांनीच फ्रान्समध्ये पूर्ण विलीन होण्याची मागणी केली, कारण त्यांना मळेवाल्यांच्या मर्जीऐवजी पॅरिसचे कामगार कायदे हवे होते. दवाखाने आले, रस्ते आले. पण किमान वेतन मुख्य भूमीइतकं व्हायला १९९६ उजाडलं. आणि त्याच काळात एक भयंकर गोष्ट घडली. १९६०च्या दशकापासून १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बेटावरची २,००० हून अधिक मुलं सरकारने उचलून फ्रान्सच्या ओस पडत चाललेल्या ग्रामीण भागांत, विशेषतः क्रोझ या जिल्ह्यात, नेली. शिकतील, सुट्टीत घरी येतील, असं आईबापांना सांगितलं होतं. कित्येक जण शेतांवर राबले, कित्येकांना आपले आईबाप जिवंत आहेत हेही कळलं नाही. फ्रेंच संसदेने याची नैतिक जबाबदारी मान्य केली ती २०१४मध्ये.

संगीतातही घोटाळा होतो. सेगा दोन्हीकडे आहे, पण मॉरिशसचा जुना सेगा 'रावान' या बकरीच्या कातड्याच्या गोल डफावर उभा आहे. रियुनियनचा जीव 'मालोया'त आहे: 'रुलेर' नावाचा पिंपासारखा ढोल आणि 'कायांब', म्हणजे उसाच्या तुऱ्याच्या काड्यांची चपटी पेटी, आत बिया, हलवली की सळसळते. मालोयात गुलाम पूर्वजांना हाक आहे, आणि डाव्या चळवळीने तो उचलून धरला म्हणून प्रशासनाने तो कित्येक वर्षं दडपला. युनेस्कोच्या यादीत मालोया २००९मध्ये आला, मॉरिशसचा सेगा २०१४मध्ये आणि तिथल्या भोजपुरी लग्नगीतांचा 'गीत-गवई' २०१६मध्ये.

जेवणात फार खोल जात नाही. मॉरिशसचा 'रुगाय' हा बहुधा टोमॅटोचा शिजवलेला रस्सा असतो. रियुनियनमध्ये त्याच नावाने कच्च्या टोमॅटोची किंवा आंब्याची तिखट चटणीही ताटात येते. डाळ भरलेली 'धॉल पुरी' रस्त्यावर गरम मिळाली, तर तुम्ही मॉरिशसमध्ये आहात.

आणि समोरचा माणूस कुठला, हे कानाने ओळखायचं असेल तर त्याच्या 'मी'कडे लक्ष द्या. दोन्ही क्रिओल फ्रेंचमधूनच घडल्या, तरी एक नाहीत. मॉरिशसचा माणूस 'मी जेवतो' याला 'मो मांझे' म्हणतो. रियुनियनचा म्हणतो, 'मी मांझ'. हा 'मी' फ्रेंचमधून आलेला आहे, आपल्या 'मी'शी त्याचं नातं नाही. पण मराठी माणसाला तो ऐकताक्षणी कळतो.